त्या काकाला पैसे मिळतात का?

लाडक्या चिऊस,

आजीने पाठवलेला वारीचा व्हिडिओ बघून तू काल विचारलंस, ‘तो काका त्या आजोबांचे पाय का चेपतोय? ते त्याचे कोण लागतात? त्याला पैसे मिळतात का?’ मी कामावर निघाले होते आणि दाराशी उभं राहून उत्तर द्यावं असा हा प्रश्न नाही, म्हणून लिहिते.

पैसे मिळत नाहीत. आजोबा त्याचे कुणी लागत नाहीत, आणि ते दोघं पुन्हा कधी भेटतील असंही नाही.

ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून निघते, तुकारामांची देहूहून, आणि आषाढी एकादशीला दोन्ही पंढरपुरात असतात. सुमारे अडीचशे किलोमीटर चालायचं, उन्हापावसात. माउलींची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला येते, ती चाल फार लांबची. आजीच्या गावात वारकरी पोचतात तेव्हा त्यांच्या टाचांना भेगा पडलेल्या असतात, पोटऱ्या ताठलेल्या असतात. मग गाव कामाला लागतं. न्हावी दाढी करून देतात. चपला शिवणारे तुटलेले अंगठे शिवून देतात. डॉक्टर फोडांवर पट्ट्या बांधतात. आजीच्या घरी भाकऱ्यांची चळत लागते. ज्याला जे येतं ते तो करतो, आणि ज्याला यातलं काहीच येत नाही तो तेलाची बाटली घेऊन बसतो. तुझा तो काका त्यातलाच असेल. (या सेवेचे फोटो लावून मोठमोठे फ्लेक्स उभारणारेही असतात. मला ते आवडत नाहीत.)

पाय चेपण्याची गोष्ट तर पंढरपूरच्या मुळाशीच आहे. पुंडलिक म्हाताऱ्या आईबापांची सेवा करत होता, तेवढ्यात प्रत्यक्ष देव दाराशी आला. पुंडलिक उठला नाही. त्याने एक वीट सरकवली आणि हातातलं काम होईपर्यंत देवाला तिच्यावर थांबायला सांगितलं. देव रागावला नाही, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. लाखो माणसं चालत जातात ती त्या वाट बघणाऱ्या देवाला भेटायला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात पूजाअर्चा कुठेच नाही, घरातलं रोजचं काम आहे.

पण तू आता मोठी होते आहेस, म्हणून हेही सांगते. त्याच देवळात चोखामेळ्यांना जाऊ दिलं नाही, केवळ त्यांच्या जातीमुळे. त्यांची समाधी महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर आहे. त्यानंतर कितीतरी शतकं ते दार दलितांना बंदच होतं. 1947 साली साने गुरुजींनी त्यासाठी उपोषण केलं, तेव्हा ते उघडलं. म्हणून वारीत कुणी जात न विचारता कुणाच्याही पायांना हात लावतो, ते मला साधं वाटत नाही. आणि नीट बघ, व्हिडिओच्या शेवटी ते आजोबाही वाकून त्या काकाच्या पाया पडतात. घेणाराही वाकतो. वारीत ही रीतच आहे.

शेजारच्या आजोबांचा कचऱ्याचा डबा तू दर आठवड्याला आपल्या डब्याबरोबर रस्त्यापर्यंत ओढत नेतेस. परवा कुरकुरलीस, की ते साधं थँक यूही म्हणत नाहीत. अगं, त्यांना आता नीट दिसत नाही. डबा कोण नेतं हे त्यांना कळत नसेल, तर नसू दे. ते एकदा आजारी पडले तेव्हा मात्र तुझंच लक्ष गेलं होतं, की यांचा डबा आज रिकामाच आहे. बाबांनी मग जाऊन बेल वाजवली. डबा ओढताना तुला त्यांचं घर कळायला लागलंय, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

आषाढीची तिथी आणि तुझी शाळेची सुट्टी जुळली, तर पुढच्या वर्षी सासवडला जाऊ. आजी म्हणते, भाकरी थापायला शिकूनच ये, तिथे शिकवायला कुणाला वेळ नसतो. रविवारी पीठ मळायला घेऊ.

तुझी,
आई