वीस किलोचा क्लास एबी ॲम्प (जुन्या घाटाचा, जड आणि तापणारा) काढून क्लास डी (हलका, फारसा न तापणारा) घेतला तर आवाज 'पातळ' होईल का?

'पातळ' शब्द वाचला आणि राहवलं नाही. आमच्या दादाचा हा आवडता शब्द.

दादाच्या मते ज्याच्यावर हात ठेवला तर चटका बसत नाही, तो ॲम्पच नव्हे. मी क्लास डी घरी आणला तेव्हा त्याने तो एका हाताने उचलून पाहिला, आणि निकाल तिथेच लागला. मग त्याचा जुना ॲम्प दोघांनी मिळून उचलून आणला, दोन्हींचे नॉब एकाच खुणेवर ठेवून तेच गाणं लावलं. "ऐकलंस? तुझा पातळ." खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. पुढची दोन वर्षं घरी येईल त्याला हा किस्सा ऐकवला गेला.

मला अक्कल उशिरा आली. 400 हर्ट्झचा एकच सूर लावून स्पीकरच्या टोकांना मल्टीमीटर धरला. त्याच्या ॲम्पवर 2.83 व्होल्ट, माझ्यावर 2.50. नॉबची खूण तीच, पण गेन, म्हणजे ॲम्प सिग्नल किती पट वाढवतो ते, वेगळा! हा फरक जेमतेम एक डेसिबलचा. एवढ्याने आवाज 'मोठा' वाटत नाही, 'भरीव' वाटतो. व्होल्टेज जुळवून पुन्हा ऐकायला बसलो. दादा पाठमोरा, वहिनी नाणं उडवून स्विच फिरवणार. 16 पैकी 9 वेळा त्याने बरोबर ओळखलं. नाण्यालाही तेवढं जमलं असतं. दादा म्हणाला, "आज सर्दी आहे."

त्याची तक्रार अगदीच हवेतली नाही, शिळी आहे. क्लास डीतले ट्रान्झिस्टर सेकंदाला काही लाख वेळा पूर्ण चालू, पूर्ण बंद होतात. मधल्या अवस्थेत रेंगाळत नाहीत, म्हणून तापत नाहीत. एबीचा सख्खा भाऊ असलेल्या क्लास बीची कार्यक्षमता (घेतलेल्या विजेपैकी स्पीकरला मिळणारा भाग) कागदावरही 78.5 टक्क्यांवर थांबते, इथे 90 टक्के सहज मिळतात. (आणि 'डी' म्हणजे डिजिटल नव्हे, 'सी'नंतरचं अक्षर आहे.) पण हा कापलेला सिग्नल गुळगुळीत करायला शेवटी कॉइल-कपॅसिटरचा फिल्टर लागतो. जुन्या डिझाइनमध्ये फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे नेऊन चूक सुधारणं) त्या फिल्टरच्या आधीच घेतलेला असे, त्यामुळे स्पीकर बदलला की वरच्या पट्टीतला आवाजही बदलायचा. इंजिनिअर ब्रूनो पुट्झीस यांनी फिलिप्समध्ये असताना यूसीडी नावाच्या क्लास डी डिझाइनमध्ये फीडबॅक फिल्टरनंतर घेतला, मग त्याच वाटेवरची हायपेक्स कंपनीची एनकोर आणि 2019 मध्ये प्युरिफाय कंपनीची आयगेनटाक्ट ही डिझाइन्स आली. तिथे हा मुद्दा संपला. खोक्यावर 'गॅन' (गॅलियम नायट्राइडचं लघुरूप) छापलंय म्हणून मात्र भुलू नका. त्याचे ट्रान्झिस्टर झटपट उघडझाप करतात हे खरं, पण बाकीचं सर्किट सुमार असेल तर त्यांचा काय उपयोग? फीडबॅक कुठून घेतलाय ते विचारा. स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांवर तो आजही फिल्टरच्या आधीच असतो.

तर घ्या बिनधास्त. वॉटचं म्हणाल तर दुप्पट वॉट म्हणजे फक्त 3 डेसिबल, त्यात जीव अडकवू नका. स्पीकर 4 ओहमचे असतील तर 4 ओहमवर सतत किती वॉट देतो तो आकडा बघा, जाहिरातीतला 'पीक' नको. हो, आणि जुना गुणगुणत नसेल, त्याचे कपॅसिटर फुगले नसतील, तर विकायची घाईही करू नका. मुळात तो वाईट नाहीच. वाईट आहे तो त्याच्या वजनाचा गर्व.

एक सांगायचं राहिलं. दोन्ही ॲम्प घरी तुलना करून ऐकणार असाल तर बऱ्याच क्लास डी ॲम्पचं आउटपुट ब्रिज केलेलं असतं. काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड नव्हे, त्यावरही सिग्नल असतो. सगळ्या काळ्या तारा एकत्र जोडणारा साधा स्विचबॉक्स चालणार नाही, लाल-काळी दोन्ही बदलणारा लागतो. मी पहिल्यांदा साधाच लावला होता. माझ्या ॲम्पचा एक चॅनेल कायमचा गेला, बोर्ड बदलावा लागला. दादाच्या ॲम्पला काहीही झालं नाही, आणि हल्ली किस्सा ऐकवताना तो इथूनच सुरुवात करतो.