वाचक विचारतात : शेवाळपट्टीवरची मासेमारी

प्रश्न : मुलगा फ्लोरिडात असतो. मे महिन्यात तिकडे जाणार आहे, एक दिवस भाड्याची बोट करून माही-माही धरायचा बेत आहे. तरंगत्या शेवाळाची पट्टी शोधा असं सगळे सांगतात, पण पट्ट्या तर ढीगभर असतात म्हणे. कामाची कोणती? (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : महिना बरोबर निवडलात. दक्षिण फ्लोरिडात एप्रिल ते जून या माशाचा जोर असतो. हे शेवाळ म्हणजे सरगॅसम. तपकिरी, बिनमुळाचं, मिरीएवढ्या हवेच्या फुग्यांवर तरंगणारं. वारा जरा वाढला की ते वाऱ्याच्या दिशेने, एकमेकांना समांतर अशा बारीक ओळींत लागतं. त्या ओळींमागे दिवस घालवू नका. वारा फिरला की त्या विस्कटतात. शोधायची ती दोन प्रवाह भिडतात तिथली एकच लांब पट्टी. तिच्या एका अंगाला पाणी निळंशार, दुसऱ्या अंगाला हिरवट दिसतं.

पट्टी सापडली म्हणजे मासा सापडला असं नाही. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा लावून कडेखाली बघा. बारके मासे, खेकडे, म्हणजे माही-माहीचं खाणं, हलताना दिसलं तर थांबा. शेवाळ दाट पण खाली सामसूम असेल तर पुढे चला. फळी, दोरखंड, पिंप असं काही अडकलेलं असेल ती जागा मात्र सोडू नका. तिथे ट्रिपलटेल नावाचा मासा कुशीवर पडून तरंगतो, आणि नवखा माणूस त्याला कचरा समजून पुढे जातो. वर फ्रिगेट पक्षी घिरट्या घालत असेल तर बोट तिकडेच वळवायला सांगा.

परवान्याची काळजी नको, भाड्याच्या बोटीच्या परवान्यात गिऱ्हाईक येतं. अटलांटिक बाजूला मासा तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत २० इंच हवा. एका माणसाला किती मासे चालतात ते कप्तानालाच विचारा, हे नियम बदलत असतात.

प्रश्न : चालत्या बोटीमागे आमिष ओढताना दर दोन मिनिटांनी गळाला शेवाळ लागतं. उपाय? (सिन्नर)

उत्तर : पूर्ण टळत नाही, कमी करता येतं. शेवाळ बहुधा आधी दोरीला लागतं, दोरीवरून घसरत खाली येतं आणि स्विव्हलच्या (दोरीचा पीळ सोडवणारी फिरती कडी) गाठीवर अडकतं. म्हणून स्विव्हल काढा आणि लीडर (गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा) थेट मूळ दोरीला एफजी गाठीने जोडा. ही गाठ बारीक असते, तिच्यावरून शेवाळ निसटतं. तीन टोकांचा गळ नको, एकेरी घ्या. रॉडचं टोक उंच ठेवा, म्हणजे दोरी पाण्यात कमी राहते. आमिष १५ ते ४५ मीटर मागे, वेग ५ ते ७ नॉट (ताशी साधारण ९ ते १३ किलोमीटर).

पट्टीला समांतर, कडेपासून २०-३० मीटर अंतर राखून, ज्या बाजूला सुटे पुंजके कमी त्या बाजूने जा. रॉडच्या टोकाची थरथर बदलली किंवा आमिषामागचे बुडबुडे थांबले की शेवाळ लागलं समजा. एक जोराचा झटका द्या, नाही सुटलं तर लगेच ओढून घ्या. शेवाळ लागलेल्या गळाला मासा येत नाही; ‘राहू दे थोडा वेळ’ म्हणणाऱ्याचा अर्धा दिवस असाच जातो.

पट्टी ओलांडायचीच असेल तर ती जिथे तुटलेली आहे तिथून. शेवाळ इंजिनाच्या पाणी ओढायच्या जाळीत बसतं आणि इंजिन तापतं. आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) मागून पडणारी पाण्याची धार थांबली तर इंजिन बंद करून जाळी साफ करा.

प्रश्न : एक मासा लागला, तो बोटीत घेईपर्यंत बाकीचा थवा गायब. असं का? (इगतपुरी)

उत्तर : घाई झाली. लहान माही-माही थव्याने फिरतात आणि गळाला लागलेल्या जोडीदाराभोवती घुटमळतात. पहिला मासा बोटीशेजारी पाण्यातच ठेवा. दुसऱ्या माणसाने तोवर माकूळ किंवा माशाचे अंगठ्याएवढे तुकडे, एका वेळी तीन-चारच टाकावेत आणि त्यातल्याच एका तुकड्यात गळ लपवून सोडावा. दुसरा लागला की मगच पहिला वर. मूठभर तुकडे एकदम फेकले तर त्यांचं पोट भरतं आणि गळाकडे कोणी बघत नाही.

सामान हलकं चालतं : ९ किलो ताण सोसणारी दोरी, २० किलोच्या आसपास ताण सोसणारा लीडर, ५/० मापाचा सर्कल हुक (टोक आत वळलेला गळ). ड्रॅग, म्हणजे किती ताणाला रीळ दोरी सोडू लागतं ते, दोन-सव्वादोन किलोवर. मासा उडी मारतो तेव्हा दोरी सैल पडू देऊ नका. सर्कल हुकला झटका द्यायचा नसतो, दोरी ताणली की तो स्वतःच जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. खाणं मंदावलं तर तुकडे थांबवून जिग (वजनदार नकली आमिष) टाका. वजन बांधलेली एक दोरी १०-१५ मीटर खाली असू द्या, मोठा नर माही-माही आणि वाहू नावाचा मासा तिथे असतात. वाहूचे दात नायलॉन सहज कापतात, त्याच्यासाठी तारेचा लीडर.

मासा वर आला की कल्ले कापून रक्त काढा आणि लगेच बर्फात. दोन भाग बर्फ, एक भाग समुद्राचं पाणी. उन्हात राहिलेल्या माही-माहीत हिस्टामिन तयार होतं आणि शिजवून ते जात नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होणं, डोकं दुखणं ही त्याची लक्षणं.

प्रश्न : पाणवेलीत बेडकाचं आमिष ओढून आम्ही मरळ धरतो. हीच युक्ती शेवाळपट्टीवर चालेल? (निफाड)

उत्तर : नाही. मरळ पाणवेलीच्या आत दडून असते आणि वरून जाणाऱ्या बेडकावर वेली फोडून झेप घेते. माही-माही शेवाळात शिरत नाही, कडेने आणि खालून फिरतो. आमिष कडेबाहेरच्या मोकळ्या पाण्यातच हवं.

प्रश्न : मुंबईहून एका दिवसात असं काही जमेल का? (पंचवटी)

उत्तर : अवघड. मुंबईसमोरचा उथळ समुद्र जवळपास ३०० किलोमीटरपर्यंत पसरला आहे, निळं पाणी त्याच्या पलीकडे. खोल समुद्र किनाऱ्याजवळ हवा असेल तर अंदमानचा विचार करा.