स्वीडलर अल्जिब्राचा ब्राउअर ग्रुप: सेज नंतर उघडा, आधी एका घटकाचा वर्ग काढा

कोपरखैरण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला 'लहान हॉप्फ अल्जिब्रांचे ब्राउअर ग्रुप' हा विषय मिळाला आहे, स्वीडलरच्या अल्जिब्राची मिती जेमतेम ४, म्हणजे ग्रुपही सान्तच असणार, तर सेज या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम लिहून त्याचे सगळे घटक काढता येतील का?

नाही येणार. आधी शब्द पक्के करू. हॉप्फ अल्जिब्रा म्हणजे असा अल्जिब्रा, ज्याची क्रिया दुसऱ्या अल्जिब्रांवर आणि त्यांच्या टेन्सर गुणाकारावरही होऊ शकते. त्याचा ब्राउअर ग्रुप म्हणजे अशी क्रिया असलेल्या, मॅट्रिक्सच्या अल्जिब्रांसारख्या (म्हणजे अझुमाया) अल्जिब्रांचे क्लास; गुणाकार टेन्सरचा, आणि मॅट्रिक्सचे अल्जिब्रा क्षुल्लक. अल्जिब्राची मिती सान्त असण्याचा आणि ग्रुप सान्त असण्याचा इथे काडीचा संबंध नाही. हॉप्फ अल्जिब्रा म्हणून नुसतं फील्डच घेतलं तरी परिमेय संख्यांवरचा ब्राउअर ग्रुप अनंत निघतो. वास्तव संख्यांवर मात्र दोनच क्लास: एक वास्तव संख्यांचा स्वतःचा, दुसरा हॅमिल्टनच्या क्वाटर्निअनांचा. सान्त फील्डवर एकच, कारण १९०५ सालचं वेडरबर्नचं प्रमेय. तेव्हा प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर 'कुठल्या फील्डवर' हे लिहिलं नसेल तर प्रश्नच अर्धवट आहे.

दुसरं, 'स्वीडलरचा ब्राउअर ग्रुप' म्हणजे नेमका कुठला, हेही ठरवा. कानेपील, व्हान ओस्टाएन आणि झांग यांनी १९९४ च्या सुमारास येटर–ड्रिनफेल्ड मोड्यूल अल्जिब्रांवरून (ज्यांवर हॉप्फ अल्जिब्राची क्रिया आणि कोक्रिया दोन्ही असतात) जो पूर्ण ग्रुप बांधला, त्याला सुरुवातीलाच हात घालू नका, गुंताल. अल्जिब्रावर आर-मॅट्रिक्स (टेन्सर गुणाकारातल्या दोन बाजूंची अदलाबदल कशी करायची ते ठरवणारा घटक) असेल तर त्या पूर्ण ग्रुपमध्ये एक उपग्रुप मिळतो आणि तो खरोखर हाताने काढता येतो. तुमचा प्रोजेक्ट तिथेच उभा राहील.

आता कागद घ्या. फील्ड क, त्याचं कॅरॅक्टरिस्टिक २ नाही, म्हणजे १ + १ शून्य नाही (आर-मॅट्रिक्समध्येच एक-द्वितीयांश येतो, त्यामुळे ही अट सोडता येत नाही). स्वीडलरच्या अल्जिब्राचे जनक (जनरेटर) दोन, ग आणि ह: ग·ग = १, ह·ह = ०, ग·ह = −ह·ग. आर-मॅट्रिक्स सगळ्यात साधं घ्या, ज्यात फक्त १ आणि ग आहेत, ह कुठेच नाही. या अल्जिब्राची क्रिया एखाद्या अल्जिब्रावर झाली की ग मुळे सम-विषम अशी ग्रेडिंग मिळते आणि ह मुळे चिन्ह सांभाळणारं डेरिव्हेशन, जे दोनदा लावलं की शून्य. आर-मॅट्रिक्समध्ये ह नसल्यामुळे 'अझुमाया आहे की नाही' हे केवळ ग्रेडिंगवर ठरतं. म्हणून ह विसरलात की सरळ ब्राउअर–वॉल ग्रुपमध्ये, म्हणजे ग्रेडेड अल्जिब्रांच्या ब्राउअर ग्रुपमध्ये, उतरता. वॉलनी हा ग्रुप १९६४ साली मांडला. वास्तव संख्यांवर तो ८ घटकांचा चक्रीय ग्रुप आहे, क्लिफर्ड अल्जिब्रांची ८ ची पुनरावृत्ती ती हीच. संमिश्र संख्यांवर २ घटक.

विसरताना नेमकं काय गमावलं, हाच खरा प्रश्न. समजा तुमचा अल्जिब्रा ग्रेडिंगच्या दृष्टीने क्षुल्लक आहे, म्हणजे ग्रेडेड व्हेक्टर स्पेसवरच्या सगळ्या मॅट्रिक्स. तिथे असं प्रत्येक डेरिव्हेशन इनर असतं. म्हणजे एक विषम घटक व असा सापडतो की ह ची क्रिया अ वर केली की व·अ − ग(अ)·व मिळतं. ती पुन्हा एकदा लावा. मधली दोन पदं चिन्हामुळे उडतात आणि उरतं (व·व)·अ − अ·(व·व). हे नेहमी शून्य यायला हवं, म्हणजे व·व सेंटरमध्ये, म्हणजेच फील्डमधली एक संख्या. तिला ट म्हणू. व एकमेव आहे, कारण ग ची क्रिया ज्या घटकाने होते तो सम असतो, आणि व मध्ये फेरफार करायला तसला विषम घटक लागला असता. ट = ० असेल तर ती व्हेक्टर स्पेस स्वतःच स्वीडलरचं मोड्यूल होते आणि अल्जिब्राचा क्लास क्षुल्लक ठरतो. दोन अल्जिब्रांचा ग्रेडेड टेन्सर गुणाकार घेतला की नवा विषम घटक दोघांची बेरीज असतो, मिश्र पदं एकमेकांना मारतात, आणि दोन्ही ट ची सरळ बेरीज होते. कुठलाही ट मिळवायचा तर २×२ मॅट्रिक्स पुरते: वरच्या ओळीत ०, ट आणि खालच्या ओळीत १, ०.

झालं. ग्रुप म्हणजे ब्राउअर–वॉल ग्रुप गुणिले क चा बेरजेचा ग्रुप. व्हान ओस्टाएन आणि झांग यांचा २००१ चा निकाल हाच. त्यांची मांडणी अर्थातच जास्त काटेकोर आहे, पण गाभा या अर्ध्या पानात आला. लोकल ऐरोलीहून घणसोलीला पोचेपर्यंत लिहून होतो. कॅरॅक्टरिस्टिक शून्य असेल आणि ट शून्य नसेल तर ट + ट + ट कितीही वेळा केलं तरी शून्य येत नाही. साध्या ब्राउअर ग्रुपमध्ये प्रत्येक घटकाची ऑर्डर सान्त असते, इथे तसं उरत नाही. मला तरी या विषयातली हीच सगळ्यात रंजक गोष्ट वाटते. आणि तुम्हाला मोजायचंच असेल तर ३ घटकांचं फील्ड घ्या: ४ गुणिले ३, बारा क्लास. सेज तिथे वापरा, तेही व·व सेंटरमध्ये येतं ही अट पडताळायला.

बाकीच्या आर-मॅट्रिक्सचं एका पॅरामीटरचं कुटुंब आहे. प्रत्येकासाठी हिशेब नव्याने करू नका; सगळ्यांचे ग्रुप आयसोमॉर्फिक आहेत हे कार्नोवाले यांनी दाखवलंय. मात्र पूर्ण ग्रुपमध्ये हे उपग्रुप वेगवेगळ्या जागी बसतात आणि तिथून प्रकरण अवघड होतं. ह च्या जागी ल·ह घेणारे हॉप्फ ऑटोमॉर्फिझमही त्या पूर्ण ग्रुपमध्ये येतात (ल ही फील्डमधली शून्य नसलेली संख्या; ल आणि −ल एकच धरून). त्यांनी कॉन्ज्युगेट केलं की ट ला ल च्या वर्गाने गुणलं किंवा भागलं जातं. म्हणजे ज्याचा वर्ग १ नाही असा ल फील्डमध्ये असेल, तर पूर्ण ग्रुप कम्युटेटिव्हसुद्धा नाही. प्रोजेक्टमध्ये एवढा उल्लेख पुरे, परीक्षकांना याहून जास्त नको असतं.

त्यापेक्षा पुढची पायरी म्हणून ह एकाऐवजी दोन घ्या, ह१ आणि ह२, एकमेकांशी चिन्ह बदलून कम्यूट होणारे. मिती ८ होईल. व१, व२ काढा आणि व१·व२ + व२·व१ सेंटरमध्ये का येतं ते स्वतः करून बघा. व१ आणि व२ चे वर्ग दोन आणि ही मिश्र बेरीज एक, अशा तीन संख्या येतील, म्हणजे २×२ ची सिमेट्रिक मॅट्रिक्स. तसेच ह ची संख्या न असेल तर न×न ची. कार्नोवाले आणि क्वाद्रा यांचं उत्तर हेच आहे, पण ते वाचण्याआधी हिशेब तुमच्या हातचा असू द्या. रविवारी संध्याकाळी ठाण्यात घंटाळीला आमच्याकडे काही जण गणित घेऊन बसतात, कागद घेऊन या. फक्त ट्रान्स हार्बर लाइनला मेगाब्लॉक नाही ना, ते बघून निघा.