नोकरीचं नंतर बघू, आधी तो बॉण्ड परत करा

नाशिकहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय ३४, खासगी शाळेत शिक्षिका, हातात येणारा पगार ३२ हजार. पती अंबडच्या एका कारखान्यात, पगार ४६ हजार. पाथर्डी फाट्याला फ्लॅट, त्याचा हप्ता २४ हजार. मुलगी चार वर्षांची. ती सहा महिन्यांची झाली तेव्हापासून ताई लहान मुलांच्या खाण्यापिण्यावर मराठीत ब्लॉग लिहितात, इन्स्टाग्रामवर रील टाकतात. आज एक लाखावर फॉलोअर्स आहेत. "गेल्या बारा महिन्यांत ७ लाख मिळाले. आता बाळाच्या सीरियलची एक कंपनी वर्षभराचा करार द्यायला तयार आहे, महिना ४० हजार. शाळा सोडून पूर्णवेळ हेच करू का?" असा त्यांचा प्रश्न.

आणि सगळ्यात शेवटी, ता. क. म्हणून, दोन ओळी: "मुलीच्या भविष्याची सोय केली आहे. बँकेतल्या मॅडमनी सुचवलेला चाइल्ड प्लॅन एफडी मोडून घेतला. वर्षाला दीड लाख, दहा वर्षं. बॉण्ड गेल्या आठवड्यात कुरिअरने आला."

ताई, तुमचा प्रश्न नोकरीचा आहे, पण मला झोप लागली नाही ती या दोन ओळींनी. पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला मेल केली आणि बॉण्डच्या, म्हणजे विमा पॉलिसीच्या कागदपत्राच्या, पानांचे फोटो मागवले. बॉण्ड हातात पडल्यापासून ३० दिवसांत विमा पॉलिसी परत करता येते. त्याला फ्री लुक म्हणतात. कारणाची चिकित्सा होत नाही. तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे, स्टॅम्प ड्युटीचे आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. मी हे लिहितेय तो सोळावा दिवस आहे. तुमचं उत्तर आलं, "ह्यांच्याशी बोलून ठरवते." जरूर बोला, पण आजच बोला.

फोटोतलं दुसरं पान पुन्हा उघडा. 'विमाधारक व्यक्ती' या रकान्यात तुमच्या मुलीचं नाव आहे. म्हणजे १५ लाखांचा विमा उतरवलाय तो चार वर्षांच्या मुलीचा. तिच्या पगारावर तुमचं घर चालत नाही. घर चालतं तुमच्या आणि तुमच्या पतींच्या पगारावर, आणि तुमच्या नावावर पाच पैशांचा टर्म विमा, म्हणजे कमावत्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना पैसे देणारा साधा विमा, नाही. "आईला काही झालं तर पुढचे हप्ते कंपनी भरते," असं मॅडमनी सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. ते ज्या रायडरने, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घ्यायच्या जादा संरक्षणाने होतं, तो तुमच्या बॉण्डमध्ये घेतलेलाच नाही. रायडरच्या चौकटीत आडवी रेघ आहे.

आता परताव्याचं बघू. दहा वर्षं दीड लाख, म्हणजे १५ लाख भरायचे. पॉलिसीच्या विसाव्या वर्षी मिळणार २७ लाख. "जवळजवळ दुप्पट" हे ऐकायला छान वाटतं, पण त्याचा वार्षिक दर चार टक्क्यांच्याही आत येतो. तुम्ही मोडलेली एफडी याहून जास्त देत होती. हेच दीड लाख दहा वर्षं सुकन्या समृद्धी खात्यात गेले, नंतर खातं चालू ठेवण्यापुरते वर्षाला २५० रुपये भरले आणि आजचा ८.२ टक्के दर टिकला, तर विसाव्या वर्षी ५० लाखांच्या पुढे जातात. दर बदलू शकतो, सरकार तो दर तिमाहीला जाहीर करतं. तो सात टक्क्यांवर घसरला तरी रक्कम ४३ लाखांच्या आसपास राहते. २७ कुठे आणि ४३ कुठे!

सुरुवातीची चार वर्षं मीही विमा विकला आहे. त्या टेबलापलीकडे कोणतं वाक्य कोणासाठी ठेवलेलं असतं, ते मला माहीत आहे. आईसमोर "मुलीच्या भविष्याचं" म्हटलं की आई पुढचं पान उलटत नाही. मॅडमनी तुमच्या खात्यातली एफडी पाहिली, सणासुदीला एकापाठोपाठ जमा झालेली पेमेंट्स पाहिली आणि त्या रकमेच्या मापाचा हप्ता बेतला. तुमचं उत्पन्न दहा वर्षं असंच राहील का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, कारण त्यांचं काम पहिल्या हप्त्यालाच संपतं. मला याचा संताप येतो, आणि इतक्या वर्षांनीही तो कमी झालेला नाही.

मुळात हप्त्याची जातच तुमच्या कमाईच्या जातीशी जुळत नाही. रील्सचा पैसा गणपती ते दिवाळी धो धो येतो आणि फेब्रुवारीत आटतो. अशा पैशाला असं खातं हवं, जिथे एका वर्षी दीड लाख आणि पुढच्या वर्षी पाच हजार भरले तरी कोणी दंडुका घेऊन उभं राहत नाही. सुकन्यात वर्षाला किमान २५० रुपये भरले की खातं चालू राहतं. या पॉलिसीत दुसराच हप्ता चुकला, तर पहिल्याचाही मोठा भाग बुडतो.

तेव्हा पॉलिसी रद्द करायचा अर्ज विमा कंपनीला थेट पाठवा. मॅडमच्या व्हॉट्सॲपवर नाही. त्या म्हणतील, "सहा महिने थांबा, मग बघू," आणि मुदत निघून जाईल. पॉलिसी क्रमांक, बॉण्ड मिळाल्याची तारीख, कारण (विमा हवा होता आईचा, मिळाला मुलीचा, रायडरबद्दल चुकीचं सांगितलं), सही आणि रद्द केलेला चेक. कुरिअरचं पाकीट टाकून दिलं नसेल तर जपून ठेवा, त्यावर तारीख असते. कंपनीच्या शाखेत अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या पोर्टलवर तक्रार करता येते.

आता तो ४० हजारांचा करार. तुमचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे, आणि तो करार तुम्हाला करताच येणार नाही.

आपल्याकडे १९९२ चा एक कायदा आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. बाळाच्या दुधाची पावडर, दूध पाजायच्या बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीचं तयार अन्न, या तिन्हींच्या जाहिरातीवर त्यात सरळ बंदी आहे. डब्यावर 'सहा महिन्यांपासून' असं लिहिलेलं सीरियल त्यातच येतं. बंदी फक्त कंपनीवर नाही. जाहिरात करणाऱ्या आणि ती प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्या कोणावरही आहे. जाहिरातीच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दाखवलेलं, ऐकवलेलं सगळं येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम बघून निवांत होऊ नका, त्याच्या आधीचे शब्द पुन्हा वाचा.

कंपन्यांची कामं आणून देणारी एजन्सी म्हणेल, "आपण जाहिरात म्हणत नाही ना, आईचा अनुभव म्हणतो." पैसे घेऊन सांगितलेला अनुभव ही जाहिरातच. उलट पैसे घेतल्याचं लपवलं तर दुसऱ्या बाजूने अडकता. 'पेड पार्टनरशिप' लिहिलं की रीच पडतो म्हणून दोन कंपन्यांनी ते लिहू नका सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत, असं पत्रात आहे. यापुढे ऐकू नका. फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा घडलं तर ५० लाखांपर्यंत.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट राहते. तुमची वाचक कोण आहे? सिन्नरची, इगतपुरीची पहिलटकरीण. रात्री दोन वाजता रडणारं बाळ मांडीवर घेऊन ती तुमचं रील बघतेय आणि स्वतःचं दूध पुरतंय की नाही या धास्तीत आहे. नाचणीचं सत्त्व घरी कसं करायचं, मुगाच्या डाळीचं पाणी कधीपासून द्यायचं, हे तुम्ही तिला शिकवलंत म्हणून तिचा तुमच्यावर विश्वास बसला. तुमच्या इन्स्टाग्रामच्या पानाची किंमत आहे ती त्या विश्वासाची. सीरियलचे आणि बाटल्यांचे जुने रील्स आजच काढून टाका. लंगोट, कपडे, खेळणी, पुस्तकं यांना हा कायदा लागू नाही. तिथे काम मिळवा.

मग ७ लाखांचं काय उरतं? तुम्ही यादी पाठवलीत म्हणून मोजता आलं. त्यात पैशांऐवजी मिळालेल्या १.६ लाखांच्या वस्तू आहेत. एकट्या स्ट्रोलरचे २८ हजार धरलेत, आणि तो आता गॅलरीत उभा आहे, त्यावर कपडे वाळतात असं तुम्हीच लिहिलंय. वाण्याकडे स्ट्रोलर चालत नाही. ९० हजार एजन्सीकडे पाच महिने अडकलेत. सीरियल आणि बाटल्यांचे १.२ लाख पुन्हा मिळवायचे नाहीत. उरले ३.३ लाख. एडिटिंग करणाऱ्या मुलाचे महिना ४ हजार, इंटरनेट, सामान असे ८० हजार वजा करा. अडीच लाख. महिन्याला २१ हजार, त्यातलाही निम्म्याहून जास्त पैसा तीन महिन्यांत आलेला. आणि तुम्ही सोडायला निघालात तो पगार दर महिन्याला येणारा ३२ हजारांचा, वर पीएफ.

शाळा आज सोडलीत तर पतींच्या ४६ हजारांतून फ्लॅटचा हप्ता गेल्यावर २२ हजार उरतात. घरखर्च तुम्ही ३५ हजार लिहिलाय. मधले १३ हजार कुठून येणार? एफडी तर त्या बॉण्डच्या फाइलमध्ये बसलीय.

आणखी एक. शाळेत तुम्हाला चार वर्षं दोन महिने झालेत. ग्रॅच्युइटी शिक्षकांनाही मिळते, पण पाच वर्षं पूर्ण झाल्यावर. २२ हजार मूळ पगारावर हे ६०-६५ हजार होतात. दहा महिन्यांसाठी ते सोडू नका. या दहा महिन्यांत कमाईची खरी परीक्षा होऊन जाईल. पानाच्या पैशांसाठी वेगळं बचत खातं काढा. आज सगळं घरच्या खात्यात मिसळतं, म्हणूनच ७ लाखांचा भास झाला. त्या खात्यात फक्त रोख येईल आणि त्यातूनच कामाचा खर्च जाईल. नव्या कामात निम्मे पैसे आधी घ्या आणि बाकीची तारीख लेखी घ्या. दहा महिन्यांनी खर्च वजा जाता महिन्याची सरासरी ३५ हजारांवर गेली आणि सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे साडेतीन लाख, बाजूला पडलेले असतील, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा मी स्वतः म्हणेन, सोडा.

प्राप्तिकराचं आटपते. तुम्ही विवरणपत्र फक्त पगाराचं भरलंत. एजन्सीने कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर दिसतोय, म्हणजे प्राप्तिकर खात्यालाही दिसतोय. वर्षभरात एखाद्या कंपनीकडून २० हजारांवरच्या वस्तू मिळाल्या आणि तुम्ही त्या ठेवून घेतल्या, तर जुलै २०२२ पासून त्यांच्यावरही दहा टक्के टीडीएस आहे, आणि ती किंमत तुमच्या उत्पन्नात धरावी लागते. वस्तू परत केली तर नाही. चांगला सीए गाठा आणि दुरुस्त करून घ्या. कर फारसा निघणार नाही. पण उद्या नोकरी नसताना टर्म विमा मागायला गेलात तर विमा कंपनी उत्पन्नाचा पुरावा विचारेल, आणि तुमच्याकडे फक्त रील्सचे व्ह्यूज असतील. म्हणून टर्म विमा आत्ताच, पगाराची स्लिप हातात असताना घ्या. ७५ लाखांचा, तुमच्या नावावर, वर्षाला दहा-बारा हजारांच्या आसपास.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, मलाही ती लिहिताना जड जातंय. तुमच्या पानावरचे गेल्या महिन्यातले रील्स मी पाहिले. एकात मुलगी तोंड फिरवते, तुम्ही पुन्हा घास पुढे करता, ती कॅमेऱ्याकडे बघते आणि मग खाते. चार वर्षांच्या मुलीला कॅमेरा कुठे आहे हे कळायला लागलंय. अजून चार वर्षांनी ती "माझा व्हिडिओ काढू नको" म्हणेल, आणि तो तिचा हक्क असेल. त्या दिवशी घराचा हप्ता तिच्या चेहऱ्यावर अवलंबून असता कामा नये. तुम्ही शिक्षिका आहात, लिहिता उत्तम. लहान मुलांच्या डब्यावर, भाज्यांवर, शाळेतल्या खाण्यावर तिला न दाखवताही पान चालेल. थोडं हळू वाढेल, पण चालेल.

आजवर ज्या रील्समध्ये ती आहे, त्यांच्या पैशातला वाटा तिचा समजा. फ्री लुकचे पैसे परत आले की त्यातले एक लाख पुन्हा एफडीत टाका. बाकीचे घेऊन तिचा जन्मदाखला, तुमचं आधार आणि पॅन यांच्यासह पोस्टात जा, तिच्या नावाचं सुकन्या खातं उघडायला. पण त्याआधी अर्ज. चौदा दिवस उरलेत, त्यात दोन रविवार आहेत.