१९६६ची मस्टँग घेताना

प्रश्न : कॅलिफोर्नियात १९६६ची फोर्ड मस्टँग बघतोय. रंग चकाचक आहे, व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) असल्याचं सांगतात. काय तपासू?

उत्तर : रंगावर भुलू नका, आधी गालिचा उचला. या गाडीचं खरं दुखणं वायपरखालच्या हवेच्या जाळीत असतं. तिथं पाला साचतो, ओल राहते, आतल्या झडपेभोवतीचा पत्रा सडतो आणि पाणी थेट पायाशी उतरतं. जाळीत दोन तांबे पाणी ओता, डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. थेंब दिसला तर किंमत बरीच पाडून मागा. दुरुस्तीसाठी स्पॉट-वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके) फोडून जाळीचा वरचा पत्रा काढावा लागतो, काम किचकट आहे.

बॉनेट उघडून डाव्या मडगार्डाच्या आतल्या पत्र्यावर कोरलेला गाडीचा ओळख क्रमांक वाचा. आकडे-अक्षरं मिळून पाचव्या जागी ‘टी’ असेल तर गाडी मुळात सहा सिलिंडरची. चाकाला चारच नट? तोच संशय.