सरळ उडताना हेलिकॉप्टरची उंची आणि वेग सारखा का बदलतो?

वेग-उंची दाखवणाऱ्या काट्यांच्या मागे धावलात की असंच होणार. नजर बाहेर, क्षितिजावर ठेवा. काचेत ते एकाच जागी दिसत राहिलं की वेग स्थिरावतो, पण लगेच नाही. सायक्लिक, म्हणजे हेलिकॉप्टर पुढे-मागे आणि बाजूला कलवणारी दांडी, किंचित हलवून काही सेकंद थांबावं लागतं. नवशिके नेमकी इथेच घाई करतात आणि मग झोके सुरू होतात. हात मांडीवर टेकवा, सायक्लिक बोटांनीच धरा.

वेग बरोबर असूनही उंची घटत असेल तर कलेक्टिव्ह, म्हणजे उचल कमी-जास्त करणारा डाव्या हाताचा दांडा, थोडा वर. त्यासरशी नाक वळतं: रॉबिन्सन आर४४ मध्ये उजवीकडे, म्हणून नाक सरळ ठेवायला पायाने डावं पेडल द्यायचं. चेतक हेलिकॉप्टरचा रोटर (वरचा पंखा) उलट दिशेने फिरतो, तिथे उजवं. ऑटोपायलट नसेल तर सायक्लिक सोडायचा विचारही नको.