क्यूआर मागाहून, आधी लॉट नंबर

ताई, तुमच्या झबल्यांच्या जर्मन दुकानदाराने ‘डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्टची (कपड्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की त्या मालाची माहिती दिसायची सोय) तयारी कुठवर आली’ असं विचारलं, आणि चार दिवसांत एका एजन्सीने त्याच्या सॉफ्टवेअरचं पावणेदोन लाखांचं कोटेशन धाडलं. पैसे अजून भरले नसतील तर भरू नका. वागळे इस्टेटमध्ये मी बारा वर्षं एक्स्पोर्टच्या कपड्यांची क्वालिटी बघतेय, त्यावरून सांगते.

या पासपोर्टचा कायदा युरोपीय संघाचा, क्रमांक २०२४/१७८१, अमलात आला १८ जुलै २०२४ला. पण कपड्यांच्या पासपोर्टमध्ये कोणते रकाने भरायचे हे त्यात नाही. ते प्रत्येक प्रकारच्या मालासाठी वेगळ्या नियमाने ठरतं. एप्रिल २०२५च्या आराखड्यात कपड्यांच्या नियमासाठी २०२७ साल धरलंय, आणि नियम आल्यावरही साधारण दीड वर्षाची मुदत असते. रकानेच ठरायचेत तर ‘शंभर टक्के कम्प्लायंट’ सॉफ्टवेअरवाला नक्की काय विकतोय? १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख दाखवून कुणी घाबरवलं तर ती ई-गाड्यांच्या वगैरे बॅटऱ्यांची आहे. तुमच्या झबल्यात बॅटरी नाही.

‘लहान उद्योगांना सूट आहे’ हेही अर्धवट ऐकलेलं. ती सूट न खपलेले कपडे नष्ट करण्यावरच्या बंदीतून आहे. पासपोर्टसाठी कायद्याला उत्तर देणार तुमचा आयातदार, पण तो माहिती आणणार कुठून? तुमच्याकडूनच.

आणि गोची तिथेच आहे. कापड भिवंडीचं, रंगाई डोंबिवलीला, शिलाई कळव्याच्या दोघींकडे. आता हातातल्या एका झबल्याकडे बघून सांगता येईल का, की याचं कापड कुठल्या ताग्यातलं आणि कुठल्या चलनावर (माल धाडण्याच्या पावतीवर) रंगायला गेलं होतं?

मला नव्हतं सांगता आलं. आमच्या एका ऑर्डरवर ‘१००% कॉटन’चं लेबल होतं आणि बायरच्या टेस्टमध्ये पॉलिएस्टर निघालं. माल कमी पडला म्हणून व्यापाऱ्याने चार तागे दुसरीकडून भरून दिले होते. बिल एकच, त्यामुळे आम्हाला पत्ताच नाही. कटिंग मास्टरने सगळे तागे एकाच लेमध्ये (एकदम कापायला एकावर एक घातलेल्या थरांत) अंथरले. खराब तागे चारच, पण त्यांतले नग कुठले हे ओळखता येईना, म्हणून चौदाशेच्या चौदाशे नग परत आले. ताग्यांवर खडूने नंबर टाकायला दहा मिनिटं लागली असती हो.

तेव्हा कापड दारात आलं की ताग्याला आपला लॉट नंबर द्या. साधाच, ‘झ-१२’सारखा. तोच रंगाईला जाणाऱ्या आणि येणाऱ्या चलनावर, कटिंगच्या वहीत, बंडलच्या चिठ्ठीवर, वॉश केअर लेबलच्या मागे. रंगाईवाला कुरकुरेल, चहा पाजून लिहून घ्या. दोन लॉट एका लेमध्ये अंथरू देऊ नका. कापड वाया जातं म्हणून मास्टर भांडेल, भांडू दे. बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवर ठेवले की सहा महिन्यांत सापडत नाहीत, म्हणून लॉटच्या नावाचा फोल्डर करा. एक्सेल पुरतं. बटणांचं आणि धाग्याचं बिलही त्यातच (शिलाईचा धागा बहुधा पॉलिएस्टरचा असतो, हे सगळे विसरतात).

काही गोष्टी तर पासपोर्ट नसतानाही आजच लागू आहेत. लेबलवर तंतूंचं प्रमाण, तेही ज्या देशात विकायचं तिथल्या भाषेत. बंदी असलेल्या ॲझो रंगांमधून सुटणाऱ्या अमाइन्स या घातक रसायनांची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम. प्रत्येक लॉटची टेस्ट परवडत नसेल तर गडद रंगांपासून सुरुवात करा, आणि रिपोर्टवर तुमचा लॉट नंबर छापून घ्या, नाहीतर तो कुठल्याही कापडाचा असू शकतो. ‘ऑरगॅनिक’ लिहीत असाल तर व्यापाऱ्याच्या भिंतीवरचं स्कोप सर्टिफिकेट (तो ऑरगॅनिक माल हाताळू शकतो एवढंच सांगणारं) पुरत नाही, त्या खरेदीचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट मागा. मिळत नसेल तर तो शब्द काढा. मी दोघा-तिघांना काढायला लावलाय. विक्री काही पडली नाही.

क्यूआर सगळ्यात शेवटी. छापाल तेव्हा लिंक स्वतःच्या डोमेनची हवी. एजन्सीच्या पत्त्याचा कोड शिवला आणि एजन्सीच गुंडाळली गेली, तर कपड्यावर मेलेली लिंक उरते. कायद्याला तर कंपनी बुडाली तरी पासपोर्ट उघडायला हवा, त्यासाठी त्याची एक प्रत त्रयस्थाकडे ठेवावी लागेल. त्या वेळी थोडे पैसे लागतील, ते आत्ता जाळू नका.

दुकानदाराला एवढंच कळवा: लॉटवार नोंदी या महिन्यापासून सुरू केल्यात, तुम्हाला कोणती माहिती हवी त्याची यादी पाठवा. पुष्कळदा यादी त्यांच्याकडेही नसते. आली तर मलाही दाखवा.